पस्तीस मिनिटांची वाट

मागच्या आठवड्यात वीजघराच्या कामाला आलेला दक्षिणेकडचा एक इंजिनियर काउंटरवर वाकून मला विचारतो, "इथून तासिक किती लांब आहे हो?"

मी म्हटलं, "कोणाच्या हिशेबानं?"

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. मी कसली थट्टा करतेय! नकाशावर पट्टी ठेवली तर एकशे सत्तर किलोमीटर. माझे वडील मुक्कामांवर मोजायचे. कुत्र्यांच्या गाडीनं दोन मुक्काम, बर्फ वाईट असेल तर तीन. छोटं विमान होतं तेव्हा पस्तीस मिनिटं. ते बंद झालं. आता आधी खाली इकालुइत शहराला जायचं, तिथं रात्र काढायची, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विमानानं जवळजवळ तेवढंच परत वर यायचं. दोन दिवस. धुकं असलं तर चार. समोरच्या घरी जायला अख्ख्या गावाला वळसा घालायचा, त्यातली गत.

मी त्याला "दोन दिवस" एवढंच सांगितलं. माझ्या हिशेबानं किती, ते त्याला सांगून काय करायचं होतं? माझ्या हिशेबानं वीस वर्षं.

मी ओलीपिका. कांगिकच्या विमानतळावर अठ्ठावीस वर्षं काउंटर सांभाळतेय. तिकिटं, माल, वजन, पावत्या, आणि कोणाचं सामान आज जाणार आणि कोणाचं मागे राहणार, हे सगळं माझ्या हातात. माझी धाकटी बहीण लीतिया तासिकच्या जायपेटीला दिलेली. ती तोंडानं फटकळ, पण दोन मिनिटांत विसरणारी. मी बोलत नाही, मनात धरून ठेवते. यातलं वाईट कुठलं, ते आता मला पक्कं कळलंय.

लीतियाची लेक माझ्या मालाच्या खोलीत जन्मली. दिवस भरत आले की बायकांना इकालुइतला दवाखान्यात पाठवतात. लीतिया तासिकहून निघाली, विमान आमच्याकडे थांबलं, आणि असं वारं सुटलं की वैमानिक म्हणाला, आज काही उडत नाही. लीतिया म्हणाली, "ताई, मी पण थांबत नाही."

सामान चढवणाऱ्या सौमिकला मी नर्सकडे पिटाळलं. नर्स येईपर्यंत पोर बाहेर. खोकी कापायची कात्री किटलीतल्या उकळत्या पाण्यात बुडवून मी नाळ कापली. अंगातला फ्लॅनेलचा शर्ट काढून तिला गुंडाळलं, आणि सवयीनंच मालाच्या काट्यावर ठेवलं. तीन किलो दोनशे. सौमिक दाराशी तोंड फिरवून उभा होता, तिथून म्हणतो, "ताई, पावती फाडू का? नाजूक माल म्हणून लिहू?" लीतिया तसल्या अवस्थेत इतकी हसली की मला भीती वाटली.

आमची आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. तिचं नाव आपाक. तेच नाव मी पोरीला दिलं. आमच्यात नाव दिलं की गेलेलं माणूस नात्यासकट परत येतं. त्या दिवसापासून ती माझी भाची राहिली नाही, माझी आई झाली, आणि मी तिची पोर. लीतिया मात्र तिला लेकच म्हणायची. "मी पण आई म्हटलं तर दूध कोणी कोणाला पाजायचं?" असं तिचं म्हणणं. पण माझ्यासाठी ती आईच. बोलायला लागली तशी दर रविवारी फोनवर यायची आणि तीन वर्षांचं ते ध्यान मला, छत्तीस वर्षांच्या घोडीला, दरडावायचं, "पोरी, जेवलीस का? टोपी घातलीस का?"

मी म्हणायचे, "हो आई, घातली."

"खोटं बोलू नकोस, पोरी."

फोन ठेवल्यावर मी कितीतरी वेळ एकटीच हसत बसायचे. कधी कधी रडायचे पण. आई गेल्यावर मला पोरी म्हणणारं जगात कोणी उरलं नव्हतं, ते असं परत मिळालं होतं.

आणखी एक गोष्ट होती. नाळ कापून जी बाई बाळाला पहिलं वस्त्र घालते, तिचा त्या लेकराच्या हातावर हक्क असतो. मुलानं मारलेला पहिला सील, मुलीनं शिवलेली पहिली वस्तू, तिच्याकडे जाते. तिनं ती घ्यायची, आरडाओरडा करायचा, गावभर नाचवायची, वेडीवाकडी असली तरी अंगावर मिरवायची. तेव्हा त्या लेकराचे हात सुटतात, त्यांना कसब येतं. ते कौतुक दुसऱ्या कोणी केलं तर चालत नाही, असं आमची आई सांगायची. मी ते जन्मभर खरं धरून चालले.

भांडण झालं ते आपाक सहा वर्षांची असताना, नाताळच्या तोंडावर.

तासिकला त्या वर्षी एकही व्हेल मिळाला नव्हता. आमच्याकडे दोन मिळाले होते. लीतिया आली, चार घरं फिरली, आणि तीन मोठे टब भरून व्हेलचं खायचं कातडं आणि मांस घेऊन काउंटरवर उभी राहिली. तिकडे जायपेटीनं गावच्या रेडिओवर सांगून ठेवलं होतं की यंदाची नाताळची पंगत आमच्याकडून, कांगिकहून माल येतोय. अख्खं गाव ताटं घेऊन बसायचं होतं.

आणि त्याच दिवशी त्या विमानात वीजघराची पाच माणसं, त्यांच्या हत्यारांच्या पेट्या. वजन बसेना. काहीतरी उतरवायला हवं होतं.

मी टब उतरवले.

का, ते ऐका. माझ्याआधी त्या काउंटरवर जो होता त्याला घरच्यांचं मांस फुकट धाडतो म्हणून काढून टाकलं होतं. आमच्या माणसांना नियम पाळता येत नाहीत, असं खालचे साहेब उघड बोलायचे. मी आठ वर्षं एकाही किलोची चूक होऊ दिली नव्हती. मला दाखवून द्यायचं होतं. हत्यारांची एक पेटी उतरवली असती तरी वजन बसलं असतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. पण बहिणीचं सामान ठेवलं आणि साहेबांचं उतरवलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मी टब उतरवले.

लीतियाला वाटलं मी थट्टा करतेय. "ताई, पुरे. चढव आता."

"पुढच्या विमानानं पाठवते. परवा."

"परवा नाताळ आहे!"

"मग काय करू? काटा माझा बाप आहे का, माझं ऐकायला?"

भरल्या खोलीत ती काउंटरवर वाकली. मग म्हणाली, "तू गोरी झालीस गं, ताई. फक्त तोंड तेवढं आपलं राहिलंय." आणि विमानात जाऊन बसली.

परवाचं विमान आलंच नाही. सहा दिवस वादळ. चौथ्या दिवशी मालाच्या शेडचं दार वाऱ्यानं उघडलं आणि गावची कुत्री आत शिरली. तासिकच्या पंगतीत लीतिया रिकाम्या हातांनी उभी राहिली. नंतर तिनं तिकडच्या रेडिओवर सांगितलं, "माझी बहीण हल्ली नाती पण काट्यावर मोजते. आमचं नातं जड झालं, म्हणून उतरवलं." शब्दाला शब्द माझ्यापर्यंत पोचला. असल्या बातम्यांना कुठलं विमान लागतंय!

झालं. मी रविवारचा फोन उचलणं बंद केलं. तो वाजायचा, वाजायचा आणि थांबायचा. महिन्याभरानं वाजेनासा झाला. खरं सांगते, त्या फोनवर कोण असायचं ते मला ठाऊक होतं. रविवारचा फोन आपाकच करायची. पण राग एकदा डोक्यात बसला की माणूस कोणावर काढतोय ते बघत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

दोन वर्षांनी विमानातून एक खोकं आलं. बुटाच्या खोक्याएवढं, चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं. वर लीतियाचं अक्षर. माझं नाव, खाली तिचं.

मी ते काट्यावर ठेवलं. दोनशे चाळीस ग्रॅम.

सौमिक म्हणाला, "कुत्र्यांनी चघळलेली हाडं पाठवली असतील बघ, ताई." तो आपला थट्टेनं बोलला. त्याचा दोष नाही. पण मला ते पटलं. हिची हिंमत बघा, म्हटलं, दोन वर्षांनी टोमणा मारतेय आणि तोही माझ्याच विमानानं! विमान वीस मिनिटं उभं राहून तासिकला परत जायचं. मी लाल पेन घेतलं, पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, "घेण्यास नकार. परत." खाली सही ठोकली, तारीख टाकली, आणि त्याच विमानात ते खोकं चढवलं. वर सौमिकला म्हटलं, "याचं वजन बरोबर बसतंय. जाऊ दे."

पुढं वसंतात जायपेटीचा एक चुलतभाऊ स्नोमोबाइलवरून आमच्या गावात आला. काउंटरवर मासे ठेवले, चहा घेतला, आणि खाली बघत बोलला, "तुम्ही ते खोकं का परत धाडलंत हो? आपाकनं महिनाभर खपून हातमोजे शिवले होते. सीलच्या कातड्याचे. पहिलेच. बोटांना इतक्या सुया टोचून घेतल्या. विमान गेल्यापासून दारात उभी. माझ्या पोरीच्या हाताला बसले का, माझ्या पोरीच्या हाताला बसले का, एवढंच विचारत होती."

मी उठले. मालाच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. ज्या काट्यावर मी तिला जन्मल्या जन्मल्या ठेवलं होतं, तो समोर होता.

त्याच क्षणी जायला हवं होतं. येत्या गुरुवारचं विमान होतं, जागा होती, काउंटरवरच्या माणसाला वर्षाला दोन फुकट फेऱ्या असतात त्याही होत्या. पण काय तोंड घेऊन जायचं? जरा दिवस जाऊ देत, म्हटलं. लीतियाचा राग निवू दे. शिकारीचे दिवस संपू देत. उन्हाळा येऊ दे. अहो, पस्तीस मिनिटं तर आहेत! केव्हाही जाता येईल. दोन मुक्कामांची वाट असती तर मी कुत्री जुंपून निघाले असते, कारण मग निघण्याची तयारी करावी लागली असती, चार लोकांना सांगावं लागलं असतं, आणि सांगितल्यावर मागं फिरता आलं नसतं. पस्तीस मिनिटांच्या वाटेला कोण तयारी करतं?

अशी मी बारा वर्षं काढली. बारा. फुकटच्या फेऱ्यांवर मी दात बसवायला ऑटवाला गेले. मोठाल्या दुकानांतून पडदे आणले. दर आठवड्याला तासिकचं विमान मी माझ्या हातानं पाठवत होते. सौमिक अधूनमधून म्हणायचा, "ताई, एक सीट रिकामी आहे. बसतेस का? मी बघतो काउंटर."

"तू बघणार? मग गावाचं कल्याणच."

"बस गं. संध्याकाळपर्यंत परत."

"पुढच्या वेळी."

एकदा मी फोन लावला. जायपेटीनं उचलला. मी नुसती श्वास घेत राहिले आणि ठेवून दिला. त्याला कळलं असणार. अशा फोनवर दुसरं कोण असणार?

मग खालून पत्र आलं. प्रवासी कमी, खर्च जास्त, कांगिक ते तासिक थेट सेवा बंद. ते पत्र मीच फळ्यावर टाचणीनं लावलं. शेवटच्या विमानात चार सीटा रिकाम्या होत्या. मी दार लावून घेतलं आणि हात वर करून वैमानिकाला इशारा केला. सौमिक त्या दिवशी माझ्याशी बोलला नाही.

त्यानंतर मी स्वतःची समजूत घालायला एक गोष्ट मनाशी धरली. ते खोकं. मला पक्कं वाटायचं की ते तिकडे कुठल्यातरी पेटाऱ्यात पडून असणार, लाल अक्षरांसकट. लीतिया ते दुसऱ्या कोणाला देणार नाही. आपाकचे हात माझ्यासाठी अडून राहिले असणार. कोणी म्हणालं की तासिकच्या पोरी आता शिवत नाहीत, की मला लगेच आपाक आठवायची. बिचारी! माझ्यामुळे सुई धरता येत नसेल तिला. एक दिवस मी जाईन, खोकं उघडीन, मोजे घालून गावभर नाचेन, आणि ती मला पोरी म्हणेल. या विचारानं मला वाईटही वाटायचं आणि, आता लपवून काय करू, बरंही वाटायचं. कोणीतरी आपल्यावाचून अडलंय, यात एक सुख असतं.

यंदा मार्चमध्ये तासिकच्या काउंटरवरच्या पुटुलिकचा फोन आला. थेट विमान नसलं तरी हवेच्या बातमीसाठी तो चार वर्षं रोज माझ्याशी फोनवर बोलतो. तोंड कधी पाहिलं नव्हतं.

"मावशी, बसलेल्या आहात ना?"

"का रे? विमान रद्द?"

"लीतियाताई गेल्या. सकाळी. शनिवारी पुरतील."

त्या दिवशी गुरुवार होता. मी काउंटर सौमिकच्या हवाली केला आणि होते त्या कपड्यांत इकालुइतच्या विमानात बसले. शुक्रवारी इकालुइतला धुकं. शनिवारी धुकं. शनिवारी दुपारी मी तिथल्या खुर्चीत बसून घड्याळाकडे बघत होते, आणि दोन वाजता मनात म्हटलं, झालं, आता खड्ड्यात उतरवलं असेल तिला. रविवारी धुकं. सोमवारी पोचले. वरातीमागून घोडं.

जायपेटी चार वर्षांपूर्वीच गेला होता. दार आपाकनं उघडलं. सव्वीस वर्षांची बाई, आमच्या आईचेच ओठ, तीच उंची. मला बघून दारातच थबकली, मग बाजूला झाली.

"या. थंडी आहे, आत या."

आत चार बायका जमिनीवर बसून शिवत होत्या. अंगरखे, बूट, मोजे, भिंतीला टांगलेली कातडी. मला वाटलं, या लीतियाच्या मैत्रिणी असतील. मग एकीनं हातातला बूट पुढं केला आणि आपाकला विचारलं, "ही शिवण अशी घेऊ का गं?" आपाकनं तो घेतला, चार टाके उसवले, आठ घातले. मी ते टाके बघितले. तसले टाके मी फक्त आईच्या हातचे पाहिलेत. बायका सांगू लागल्या, चार गावांतून लोक हिच्याकडे शिवायला पाठवतात, शाळेत मुलींना हीच शिकवते.

मी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला. बायका उठून गेल्यावर म्हटलं, "आपाक, ते खोकं अजून आहे का?"

"कुठलं खोकं?"

तिला आठवेचना. मी लाल अक्षरांचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अच्छा, ते होय! मोजे." आणि हसली, मनापासून. "दोन्ही डाव्या हाताचे झाले होते ते. खोकं परत आलं तेव्हा मी दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी आईनं हाताला धरून मला पलीकडच्या म्हाताऱ्या कापिकआजीकडे नेलं. आई तिला म्हणाली, 'हिची नाळ तू कापली नाहीस, पण जिनं कापली ती येत नाही. विमानाची वाट बघता बघता पोरीचे हात गार पडतील.' आजीनं इतका आरडाओरडा केला, की शेजारचे धावत आले. काहीतरी जळतंय वाटलं त्यांना. चर्चमध्ये घालून गेली ती दोन्ही डावे मोजे. सात हिवाळे घातले. तिला पुरलं तेही ते घालूनच."

"आणि तुझे हात?"

"काय झालंय माझ्या हातांना?" तिनं दोन्ही पंजे पुढे धरून दाखवले.

काही झालं नव्हतं. माझ्यावाचून कोणाचं काही अडलं नव्हतं. अठरा वर्षं ज्या खोक्याला मी वाट बघायला लावली असं समजत होते, ते तिसऱ्या दिवशीच उघडलं गेलं होतं. आईनं सांगितलेला नियम लीतियानं एका दुपारी मोडला आणि पोरीचे हात वाचवले. मी मात्र काट्याचा एक नियम मोडू शकले नव्हते.

"लीतिया माझ्याबद्दल काय बोलायची?"

"काही नाही. वाईट नाही बोलली कधी." आपाक सुईत दोरा ओवत होती. "तुमच्याकडचं विमान आलं की खिडकीशी जायची. विमानतळ दिसतो ना इथून. उतरणारी माणसं मोजायची. हातातलं काम टाकून जायची. आम्ही चिडवायचो तिला."

"किती वर्षं?"

"विमान बंद होईपर्यंत. बंद झालं त्या दिवशी म्हणाली, बरं झालं बाई. आता बघायला नको."

कप खाली ठेवताना तो कलंडला आणि चहा सांडला. आपाकनं फडकं आणून पुसलं. त्या वाकलेल्या पाठीकडे बघून माझा धीर सुटला. म्हातारी बाई, केस पांढरे, आणि लहान पोरासारखी रडायला लागले. म्हटलं, "आई, मी चुकले गं. मला एकदा पोरी म्हण. एकदाच म्हण."

ती फडकं घेऊन तशीच बसली. तिनं प्रयत्न केला असावा, मला दिसलं, ओठ हलले तिचे. मग अगदी हळू म्हणाली, "आता ते तोंडात येत नाही हो, मावशी. वाईट वाटून घेऊ नका. लहानपणी म्हणत असेन. आता जीभ वळत नाही."

मावशी. आणि तुम्ही.

तिनं मला तीन दिवस ठेवून घेतलं, चांगलं ठेवलं. गरम बॅनक रोटी, कॅरिबू हरणाचा रस्सा, लीतियाची रजई. थडग्यावर नेलं. पाहुण्याचं करतात तसं सगळं केलं. निघताना विमानतळावर एक टब आणून काउंटरवर ठेवला. व्हेलचं कातडं.

"हे काय?"

"आईनं सांगून ठेवलं होतं. ओलीपिका कधी आलीच तर रिकाम्या हातांनी पाठवू नकोस."

पुटुलिकनं टब उचलला आणि सरळ मागं ठेवून दिला. काटा शेजारीच होता.

मी म्हटलं, "अरे, वजन तरी कर."

"कशाला मावशी? घरचंच तर आहे." आणि त्यानं त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली.

एवढंच होतं ते. एवढंच करायचं होतं.

"नीट जा मावशी," आपाक म्हणाली. "पुन्हा या कधीतरी."

विमान उडालं आणि इकालुइतकडे वळलं. हवा स्वच्छ होती. डाव्या खिडकीतून, पाण्यापलीकडे, आमचा कांगिकचा दोन टोकांचा डोंगर दिसला. त्याच्या पायथ्याशी माझं घर आहे. मी घड्याळात बघून ठेवलं. विमानातल्या वाढणाऱ्या मुलीनं चहा आणून दिला. मी खिडकीला डोकं लावून डोंगर मागं पडताना बघत राहिले, तो दिसेनासा झाला तरी बघत राहिले. मग पुन्हा घड्याळ पाहिलं. पस्तीस मिनिटं होऊन गेली होती, आणि माझा चहासुद्धा अजून संपला नव्हता.